कवडसा

गेल्या मार्चमध्ये वाकडला एक फ्लॅट बघायला गेले होते. अकरावा मजला, सगळ्यात वरचा. "डोक्यावर कुणी नाचणार नाही मॅडम," एजंट म्हणाला. तो किचनच्या ट्रॉल्या उघडून दाखवत होता आणि मी बेडरूममध्ये मान वर करून उभी होते. घराचा रंग चार-पाच वर्षं जुना, किंचित पिवळट पडलेला. फक्त पश्चिमेच्या भिंतीला लागून छताचा दोन हात रुंद पट्टा कोरा करकरीत पांढरा.

"इथेच नवा रंग का?"

"ओनरने टचअप केलाय."

"एवढ्याच कोपऱ्याला?"

तो हसला. "चला मॅडम, तुम्हाला पार्किंग दाखवतो."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे एक अनुभव सगळ्यांना असतो: एरर जिथे दिसते तिथे चूक बहुतेक वेळा नसते. ती वर कुठेतरी, दोन-तीन फंक्शनं आधी झालेली असते आणि वाहत वाहत खाली आलेली असते. हे मला कॉलेजने शिकवलं असं मी बरीच वर्षं समजत होते. खरं तर ते मला आधीच कुणीतरी शिकवलं होतं. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या, संगमेश्वर तालुक्यातल्या एका कौलारू घरात साठ पावसाळे काढलेल्या माझ्या आजीने.

उन्हाळ्यात दिसणारा पाऊस

आमच्या जुन्या घराच्या माजघरावर मंगलोरी कौलं होती. मागच्या पडवीवर आणि गोठ्यावर नळे, म्हणजे कुंभाराने हाताने केलेली अर्धगोल कौलं. घर आतून कायम अंधारलेलं. चैत्र-वैशाखात भर दुपारी या अंधारात शेणाने सारवलेल्या जमिनीवर उजेडाची नाणी पडायची. कवडसे. आम्ही पोरं ते हातात धरायला बघायचो. आजी ते मोजायची.

कवडसा म्हणजे भोक. आज जिथून ऊन येतंय तिथून जूनमध्ये पाणी येणार. पण प्रत्येक कवडसा सारखा नसतो, हेही ती सांगायची. दोन कौलांच्या सांध्यातून येणारा उजेड फिकट, लांबट, पुसट कडांचा असतो. तो निर्धोक, कारण कौल कौलावर चढलेलं असतं आणि पाणी वरच्यावर निघून जातं. फुटलेल्या किंवा सरकलेल्या कौलातला उजेड मात्र ठळक, धारदार. अशा कवडशाच्या वरच्या वाशावर आजी काठीला बांधलेल्या कोळशाने फुली मारून ठेवायची.

पावसाळ्यातली खूण वेगळी. पाणी ठिबकायला लागलं की खाली पातेलं ठेवायचं, पण ठिबक पडते तिथे भोक शोधायचं नाही. पाणी फुटक्या कौलातून आत येतं, रिपेवरून वाशावर उतरतं, वाशाच्या पोटाने हातभर, कधी दोन हात खाली सरकतं आणि एखाद्या गाठीपाशी अडलं की तिथे सुटतं. म्हणून ठिबकीपासून आढ्याकडे बघत जायचं. वाशावरचा ओला काळा ओघळ जिथे संपतो, त्याच्या जरा वर तुमचं फुटकं कौल. "पाणी वाट सोडून येत नाही गो," आजी म्हणायची, "आपण वाट बघत नाही, एवढंच."

मग रोहिणी नक्षत्र लागायच्या सुमारास शाकारणी. एक गडी छपरावर चढायचा, आजी खालून फुल्या सांगायची. फुटकं कौल बदलायचं, सरकलेलं बसवायचं, पडवीवरचे नळे परतायचे, आढ्यावरचे कोने सिमेंटने नाहीतर चुन्याने पुन्हा सांधायचे, वळचणीचा पालापाचोळा काढायचा. पश्चिमेच्या बाजूला पावसाची झड आत येऊ नये म्हणून माडाच्या पातीची झापं बांधायची. मृग लागायच्या आत हे उरकायचं. छप्पर गळतंय का, असा प्रश्नच कुणी विचारत नव्हतं. ते गळणारच होतं. यंदा कुठे, एवढाच प्रश्न होता.

वर्षातून एकदा प्रत्येक घराचं छप्पर कुणीतरी वरून आणि खालून नीट बघत असे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे आणि आपण ती अगदी अलीकडे, एका पिढीत, गमावली.

चार अंगुळं आणि एक चटई

छप्पर आणि पाऊस यांचं भांडण किती जुनं आहे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरबांधणीचे नियम आहेत. त्यात शेजारशेजारच्या दोन छपरांमध्ये चार अंगुळांचं अंतर असावं किंवा एक छप्पर दुसऱ्यावर चढलेलं असावं, असं सांगितलंय. अर्धवट चिकटलेली छपरं नकोत, कारण त्या फटीत पाणी शिरणार आणि मग दोन्ही शेजारी भांडणार. तिथेच आणखी एक सूचना आहे: पावसाने नुकसान होऊ नये म्हणून छपरावर वाऱ्याने न उडणारी रुंद चटई घालावी. मे महिन्यात विमान मुंबईवर उतरताना खाली ज्या निळ्या ताडपत्र्या दिसतात, त्यांची ही पणजी.

गवताच्या आणि पेंढ्याच्या छपराला पावसाची फारशी भीती नसते. जाड आणि उतरतं असेल तर ते पाणी वरच्या थरातच वाहवून लावतं. त्याची भीती आग. चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र आपण शाळेत ऐकतो ते रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका, या आज्ञेसाठी. त्याच पत्रात दिवे आणि चुली सांभाळा, उंदीर जळती वात ओढून नेतील, गवत पेटेल आणि पागा जळेल, असाही इशारा आहे. कौल आलं ते म्हणून दोन्हींवर उपाय होतं: भाजलेली माती जळत नाही आणि भिजूनही विरघळत नाही.

कुंभार चाकावर मातीचा निमुळता नळा ओढायचा, ओला असतानाच तो उभा चिरून ठेवायचा आणि भाजल्यावर त्याचे दोन भाग करायचा. एक उलथा, एक पालथा, असे नळे लावत जायचे. अडचण एकच: त्यांना धरून ठेवणारं काही नाही. वारा, मांजर, वानर, वरून पडलेला नारळ, कशानेही नळा सरकतो. म्हणून दर वर्षी परतणं आलंच.

१८६५ साली न बांधलेलं घर

लहानपणी आम्हा चुलतभावंडांची खात्री होती की आमचं घर १८६५ सालचं आहे. कारण माळ्यावर पडलेल्या जुन्या कौलाच्या पाठीवर तसं इंग्रजीत उठवलेलं होतं. बऱ्याच वर्षांनी कळलं की ते साल घराचं नव्हे, कारखान्याचं. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या संस्थेचे मिशनरी १८३४ मध्ये मंगळूरला आले. तिथे नेत्रावती नदीकाठची चिकणमाती उत्तम होती. मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट याने १८६५ मध्ये जेप्पू इथे कौलांचा कारखाना सुरू केला.

त्या कौलाची मूळ कल्पना फ्रान्समधली. अल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं होतं. मंगलोरी कौल हातात घेऊन बघा: कडेने खाचा आहेत, शेजारच्या कौलाची कड त्या खाचेत बसते, आणि मागच्या बाजूला रिपेला धरायला आकडे आहेत. खाच दुहेरी काम करते. कौल सरकू देत नाही आणि सांध्यात आलेलं थोडं पाणी पन्हळीसारखं खालच्या कौलावर पोचवते. नळ्यांच्या घरात पाणी न येणं हे रचणाऱ्याच्या हातावर अवलंबून होतं. आता ते बरंचसं साच्यात आलं.

गलबतांतून ही कौलं किनाऱ्याने वर आली आणि कोकणातल्या बंदरांतून गावोगाव गेली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले. पण तोवर त्या नमुन्याची कौलं इतर कारखानेही काढत होते आणि 'मंगलोरी' हे गावाचं नाव राहिलं नव्हतं, वस्तूचं नाव झालं होतं. शाकारणी सोपी झाली, पण संपली नाही. कौल फुटायचंच. कवडसा पडायचाच.

माळवदावरची माती

सगळ्या महाराष्ट्राचं छप्पर उतरतं नव्हतं, हे मला कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये कळलं. माझी रूममेट औशाची, लातूर जिल्ह्यातली. तिच्या आजोळी माळवदाचं घर होतं: दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. सपाट छप्पर. पाऊस कमी, ऊन कडक, अशा मुलखाला ते शोभणारं. उन्हाळ्यात त्यावर झोपता येतं, डाळी वाळवता येतात.

माळवद गळायला लागलं की आधी पाणी येत नाही, माती येते. जेवताना ताटात खडे पडायला लागले, फळ्यांच्या सांध्यातून मातीची धार लागली की समजायचं. वरून बघायचं तर उंदराची बिळं आणि उगवलेलं गवत, कारण मुळं जिथे जातात तिथे पाणीही जातं. उपाय ठरलेला: उन्हाळ्यात वर आणखी माती टाकायची, चोपायची, पन्हळीकडे उतार करायचा.

दर वेळी आणखी माती. जुनी क्वचितच काढली जायची. काही घरांवर तो थर अर्धा मीटर आणि त्याहूनही जाड झालेला होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून लोक घरी येऊन झोपलेले असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत बसणारा नव्हता. दगड-मातीच्या त्या जाड भिंती ढासळल्या आणि वरचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. रूममेटचा एक मामा त्यात गेला. "आजोबा दर वर्षी माती टाकायचे," ती एकदा म्हणाली. "घर गळू नये म्हणून." पुढे ती काही बोलली नाही.

गळतीची खूण ओळखणं ही अर्धीच गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी समजलं. खूण पुसण्यासाठी आपण काय करतो, ती उरलेली अर्धी.

खूण सगळ्यांना दिसते तेव्हा

माझ्या आईचं माहेर गिरगावातल्या चाळीत. वरचा मजला. तिथल्या गळतीच्या गोष्टी आई विनोदी करून सांगते: पाहुणे आले की कुठे बसवायचं हे नक्षत्र बघून ठरायचं वगैरे. पण त्या चाळीत खूण वाचता न येणारं कुणीच नव्हतं. लाकडी तुळईचं भिंतीत गेलेलं टोक काळं पडलंय, बोट दाबलं तर आत जातंय, जिन्याची पायरी एका बाजूला कललीय, हे सगळ्या बिऱ्हाडांना ठाऊक होतं. दुरुस्ती कुणी करायची, एवढंच ठरत नव्हतं.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरूंना त्याने आसरा दिला, यात शंका नाही. माझे आजोबा त्यामुळेच मुंबईत राहू शकले. पण भाडं गोठलं, पाऊस गोठला नाही. मालक म्हणायचा, एवढ्या भाड्यात डागडुजी परवडत नाही. भाडेकरू म्हणायचे, घर आमचं नाही. पाणी मधल्या मध्ये तुळईत मुरत राहिलं. शेवटी १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती मंडळ स्थापन झालं आणि उपकर घेऊन जुन्या इमारती दुरुस्त करायची जबाबदारी सरकारने उचलली. अशा उपकरप्राप्त इमारती तेव्हा १९,६४२ होत्या. आजही दर मे महिन्यात अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते, लाकडाचे टेकू लागतात, आणि तरीही दर पावसाळ्यात कुठली तरी इमारत पडल्याची बातमी येते.

कायमचं छप्पर

मग स्लॅब आला. १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ ऍस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, १८६७ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ मोनिये या माळ्याने तारांची जाळी घातलेल्या काँक्रीटच्या कुंड्यांचं. कुंडीपासून घराच्या छतापर्यंत यायला पन्नास वर्षंही लागली नाहीत. भारतात १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंट तयार होऊ लागलं. १९२० च्या दशकात मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहिल्या त्या आरसीसीच्या. तीस-चाळीसच्या दशकांत मरीन ड्राइव्ह सजला तोही काँक्रीटनेच.

सपाट छप्पर ही तेव्हा युरोपात आधुनिकतेची खूण मानली जात होती. पण पॅरिसला वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सांताक्रूझला २६ जुलै २००५ या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला.

आपल्याकडच्या गवंड्यांना सपाट गच्ची नवीन नव्हती. चुना, विटांचे तुकडे यांचा थर घालायचा, त्यावर गूळ आणि बेलफळाचं पाणी शिंपडत लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस चोपायचा, ही जुनी रीत. स्लॅबवर आजही विटांच्या तुकड्यांचा उतार देऊन कोबा करतात, तो याच रीतीचा वारस. म्हणजे स्लॅब स्वतः पाणी अडवतो असं जुन्या जाणत्यांनी कधीच धरलं नव्हतं. अडवायचा तो वरचा थर, आणि तो थर झिजणारा.

गावाकडे हे ज्ञान पोचलं नाही, सिमेंट पोचलं. अनेक वर्षं सिमेंट कोट्यावर मिळायचं. त्या कोट्यावरून जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्रातलं एक मुख्यमंत्रिपदसुद्धा गेलं. त्याच वर्षी नियंत्रण थोडं उठलं, १९८९ मध्ये पूर्ण उठलं. त्यानंतर मुंबईत नोकरी करणाऱ्या प्रत्येक कोकणी माणसाचं एक स्वप्न झालं: गावाला स्लॅबचं घर. बाबांनी आणि काकांनी ते २००९ मध्ये पुरं केलं. जुन्या घराचा पुढचा अर्धा भाग पाडून तीन खोल्या, वर गच्ची. स्लॅब पडला त्या रात्री सगळ्या कामगारांना जेवण होतं. बाबा आजीला म्हणाले, "आई, आता शाकारणी संपली."

त्यांचा आनंद मला आजही आठवतो. आयुष्यभर मे महिन्याची सुट्टी कौलांत घालवलेला माणूस होता तो.

न दिसणाऱ्या कवडशाच्या खुणा

स्लॅबमधून कवडसा पडत नाही. त्याच्यात भोक असतं ते केसाएवढं, वाकडंतिकडं. ऊन त्यातून येत नाही, पाणी येतं. कौल गळायच्या दोन महिने आधी उजेडाने सांगतं, स्लॅब मुरल्यानंतर सांगतो. पण सांगतो जरूर. ते वाचायचं कसं, ते इथे लिहून ठेवते, कारण तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच वरच्या मजल्यावरचे फ्लॅट बघत फिरत असतील.

पहिली खूण वास. बंद कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, तो भिंतीवर डाग दिसायच्या आधी. मग रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात. मग तपकिरी कडेचा डाग. चहाच्या कपाचा ठसा जसा कडेला गडद असतो तसाच हा: पाणी मळ कडेपर्यंत नेतं आणि तिथे वाळतं. एकात एक अशा कडा दिसल्या तर तेवढ्या वेळा ते भिजून वाळलंय.

डाग ताजा की जुना हे कळायला पेन्सिलने त्याच्या कडेने रेघ मारा, तारीख घाला, आणि पुढच्या पावसानंतर बघा. रेघेबाहेर गेला असेल तर गळती जिवंत आहे. पाऊस नसतानाही वाढत असेल तर छप्पर निर्दोष, बाथरूमचा पाइप बघा. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी ठिबकायला लागलं तर गोंधळू नका, कोब्यात साठलेलं पाणी सावकाश उतरतं. पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या पॉइंटमधून थेंब येत असेल तर आधी मेन स्विच बंद करा. स्लॅबमध्ये वायरिंगचे पाइप पुरलेले असतात आणि पाण्याला तो आयता पाट मिळतो. भोक गच्चीच्या दुसऱ्या टोकालाही असू शकतं.

पांढरा, पिठासारखा थर दिसला तर तो लोणा. पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवून खाली आणतं आणि हवेत त्याची खडी होते. गच्चीखालच्या पार्किंगमध्ये लटकणाऱ्या पांढऱ्या काड्या दिसतात, त्याही त्याच. म्हणजे पाणी वरून खालपर्यंत आरपार येतंय.

आपल्याकडे म्हण आहे, वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही. कौलारू घरात ती खरी आहे. वीट आणि प्लास्टर मात्र टीपकागदासारखं पाणी वर ओढतात. म्हणून जमिनीजवळची ओल खालून वर चढलेली असते आणि छताजवळची वरून उतरलेली. दोन्ही दिसायला सारख्या, उपाय पूर्ण वेगळे.

आणि शेवटची, खरी धोक्याची खूण: छतावर सरळ रेषेत गेलेली तांबूस भेग. वाकडी भेग प्लास्टरची असू शकते. सरळ, समांतर भेगा सळईच्या असतात. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं आणि त्यात लोखंड सुरक्षित राहतं. पाणी, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मीठ ते संरक्षण संपवतात. गंजलेलं लोखंड मूळच्या दोन ते सहा पट जागा मागतं आणि काँक्रीटला आतून फोडतं. अशा जागी काठीने ठोकलं की भरीव 'टक' येत नाही, मडक्यासारखा आवाज येतो. आवाज पोकळ आला की त्याखाली झोपायचं नाही. रंगारी बोलवायचा नाही, इंजिनियर बोलवायचा.

आजीची भिंत

यातलं जवळजवळ सगळं आजीला येत होतं. अल्कधर्मी वगैरे शब्द सोडून.

स्लॅबच्या तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यापासून ती म्हणायला लागली, "ह्या घराला घाम येतो." आम्ही हसलो. तिच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीवर ओल उतरली तेव्हा बाबा म्हणाले, नवीन घर आहे, मुरेल. दर वर्षी गणपतीच्या आधी रंगारी यायचा आणि तो कोपरा पांढरा करून जायचा. त्या भिंतीवर आजी कोळशाने काहीतरी रेघोट्या मारते, अशी काकूची तक्रार असायची. ऐंशी पार केलेलं माणूस, आम्ही मनावर घेतलं नाही. रंगारी त्या रेघाही पुसून टाकायचा. गच्चीवर मात्र वर्षानुवर्षं कुणी चढत नव्हतं. सणाला पतंग उडवायला पोरं जायची, तेवढंच. पन्हळीच्या तोंडाशी आंब्याचा पाला कुजून पडला होता आणि कठड्याच्या सांध्यात पिंपळाचं रोप गुडघ्याएवढं झालं होतं, हे आम्हाला नंतर दिसलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे तिच्या खोलीत आवाज झाला. छताचा ताटाएवढा, दोन इंच जाड तुकडा खाली आला होता. तो पडला जमिनीवर, भिंतीला लागून. आजीची खाट त्याच जागी असायची. त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तिने कुणालाही न सांगता ती दीड हात दाराकडे ओढून घेतली होती. आम्हाला वाटलं, वारा यावा म्हणून. बाबांनी विचारलं तेव्हा तिने काठी उचलून छताला लावली. टक, टक, आणि मग तो मडक्याचा आवाज. "मी सांगत होते की," ती म्हणाली. रागाने नाही. गड्याला फुली सांगावी तशी.

इंजिनियरने बघितलं: सळईखाली कव्हर जेमतेम अर्धा इंच, वाळू खाडीची, न धुतलेली, आणि गच्चीला उतार उलटा. दुरुस्तीसाठी भिंतीचे पोपडे खरवडले तेव्हा मी गावाला होते. पहिली नोकरी लागायची होती. रंगाचा एक थर निघाला की त्याखाली कोळशाची एक कमान दिसायची. दुसरा थर निघाला, आणखी एक, जरा आतली. अशा पाच. प्रत्येकीच्या टोकाला छोट्या उभ्या रेघा: एक, दोन, तीन. नक्षत्रं असावीत किंवा पाऊस मोजलेला असावा. रंगाऱ्याला ती पूर्ण पुसता आली नव्हती, त्याने त्यावर फक्त रंग दिला होता.

मी रोज ऑफिसात ज्याला लॉग म्हणते, ते हेच. पाच वर्षांचा लॉग. आणि आम्ही तो दर गणपतीला स्वच्छ करत होतो.

आजी २०२२ मध्ये गेली, त्याच घरात, त्याच खाटेवर.

वाकडचा फ्लॅट मी घेतला नाही. एजंटला म्हटलं, जुलैत पुन्हा दाखवा, पहिल्या मोठ्या पावसानंतर. त्याचा फोन आला नाही.

गावच्या स्लॅबवर आता पत्र्याचं उतरतं छप्पर आहे. कोकणात तुम्ही फिरलात तर गावोगाव हेच दिसेल: सपाट स्लॅब आणि त्यावर पुन्हा दोन पाखी. यंदाच्या मे महिन्यात मी त्या पत्र्याखाली गच्चीवर गेले होते, आमसुलं वाळत घालायला. दुपारचे बारा. पत्र्याखाली अंधार आणि उकाडा. पन्हळीजवळ कोब्यावर एक छोटं, ठळक, धारदार कडांचं उजेडाचं नाणं पडलं होतं. वर बघितलं तर एका बोल्टचा रबरी वायसर तडकलेला.

मी खाली हाक मारली. "बाबा, इथे गळणार आहे."

गुडघे दुखत असूनही ते जिना चढून आले. वाकून त्या कवडशाकडे बघितलं, मग पत्र्याकडे. खिशात पेन नव्हतं. परत खाली गेले आणि चुलीतला कोळसा घेऊन आले.